सिंधूचं पाणी अडवणं म्हणजे नेमकं किती दलघमी? वरच्या देशाचा जोर मोजायचा कसा?

पारावरचा_मास्तर (ता. लाखांदूर, जि. भंडारा)

राम राम मंडळी. गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. त्यांच्यासाठी ‘पाणी आणि राष्ट्राची ताकद’ या विषयावर टिपण करायचं आहे. पेपरात दोनच टोकं सापडतात: एकीकडे ‘पाकिस्तानचा घोट बंद’, दुसरीकडे ‘चीन ब्रह्मपुत्रा कोरडी करणार’. मधलं काही नाही.

मला हे हवं आहे: वरच्या अंगाला बसलेल्या देशाला पाणी किती अडवता येतं, किती दिवस, आणि त्याला काय काय लागतं? खालचा देश नेहमी लाचारच असतो का? शिवाय आकडे कुठे एमएएफमध्ये, कुठे क्युसेकमध्ये, कुठे बीसीएममध्ये येतात. गोसीखुर्दच्या (आमच्या भंडाऱ्याच्या वैनगंगेवरच्या धरणाच्या) मापानं सांगाल तर आमच्या पोरांना लवकर उमजेल. ‘पाणी हेच उद्याचं तेल’ छाप वाक्यं कृपया नकोत, ती सगळ्यांची पाठ आहेत.

मोजणीदार (नागपूर)

मास्तर, आधी मापं एका रांगेत लावून घ्या. 1 टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे 28.32 दलघमी (दशलक्ष घनमीटर). 1 एमएएफ (दशलक्ष एकर-फूट) म्हणजे 1233.5 दलघमी, साधारण साडेत्रेचाळीस टीएमसी. 1 बीसीएम (अब्ज घनमीटर) म्हणजे 1000 दलघमी. क्युसेक मात्र साठ्याचं माप नाही, वाहण्याचं आहे: सेकंदाला 28.3 लिटर. 11,574 क्युसेक चोवीस तास वाहिलं की 1 टीएमसी भरतं. ‘इतके क्युसेक अडवले’ अशी बातमी दिसली की पहिला प्रश्न ‘किती तास?’ हाच. त्याचं उत्तर बातमीत नसेल तर बातमीला अर्थ नाही.

गोसीखुर्दचा एकूण साठा 1146 दलघमी. त्याला ‘एक गोसी’ म्हणू.

सिंधू करार 19 सप्टेंबर 1960 ला कराचीत झाला. नेहरू आणि अयूब खान यांच्या सह्या, मध्यस्थी जागतिक बँकेची. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला. पश्चिमेकडच्या या तीन नद्यांचं सरासरी वार्षिक पाणी सुमारे 135 एमएएफ, म्हणजे जवळपास 145 गोसी. करारानं भारताला त्यांच्यावर साठवायला दिलेली मुभा 3.6 एमएएफ, म्हणजे चार गोसीही पुरे भरत नाहीत. आणि तेवढंही बांधून झालेलं नाही. चिनाबच्या खोऱ्यात पाकल दुलचं काम चालू आहे, 1000 मेगावॉटचं. त्याचा उपयुक्त साठा सुमारे 108 दलघमी, आपल्या ऊर्ध्व वर्धेच्या (564 दलघमी) पाचव्या हिश्श्याइतका.

आता चिनाबवरचं बगलिहार बघा. 900 मेगावॉट ऐकून पोरांना वाटतं, केवढं मोठं धरण. पण वीज पाणी किती उंचीवरून आणि किती वेगानं पडतं यावर होते, साठ्यावर नाही. या धरणात खालीवर करता येणारं पाणी 2007 च्या तटस्थ तज्ज्ञाच्या (करारातला वाद मिटवायला नेमलेल्या) निर्णयानंतर 32.56 दलघमी इतकंच ठरलं. समजा नदीला 1000 घनमीटर प्रतिसेकंद पाणी आहे आणि सगळे दरवाजे पाडले. 3 कोटी 25 लाख 60 हजार भागिले 1000, म्हणजे 32,560 सेकंद. नऊ तासांत धरण भरलं. हिवाळ्यात 200 घनमीटरच येतंय असं धरा, तर पंचेचाळीस तास. त्यानंतर जितकं येईल तितकं खाली सोडावंच लागतं, नाहीतर पाणी भिंतीवरून जाईल. ‘नळ बंद’ करण्याची सध्याची मुदत ही एवढी.

मग जोर कशात आहे? वेळेत. दोन दिवस धार तुटली आणि तिसऱ्या दिवशी एकदम लोंढा आला, की खाली पाकिस्तानातल्या मराला हेडवर्क्सवरून (चिनाबचं पाणी कालव्यांत वळवणाऱ्या बंधाऱ्यावरून) निघणाऱ्या कालव्यांची पाळी विस्कटते. पेरणीच्या तोंडावर शेपटाकडच्या शेतकऱ्याची एक पाळी हुकली की त्याचा हंगाम पंधरा दिवस मागे सरकतो. वर्षाचं एकूण पाणी तितकंच राहतं, नुकसान तरी होतंच. म्हणूनच करारात मृतसाठा (धरणाच्या तळाचा, वापरात न येणारा साठा) भरायचा तर पावसाळ्यातल्या ठरलेल्या तारखांतच, अशी अट घातली होती.

23 एप्रिल 2025 ला भारतानं करार स्थगित ठेवला, तेव्हा पहिला हात गाळाला लागला. मे महिन्यात चिनाबवरच्याच सलाल आणि बगलिहारचा गाळ बाहेर काढल्याच्या बातम्या आल्या. सलालची गोष्ट पोरांना जरूर सांगा. 1978 च्या समझोत्यात तिथली तळाची सहा दारं काँक्रीटनं बुजवली गेली. तळाचं दार नाही म्हणजे गाळ हलत नाही, गाळ हलत नाही म्हणजे साठा संपतो. धरण उभं, भिंत शाबूत, पोट मात्र गाळानं भरलेलं. वरच्या देशाची पकड एका कलमानं अशी ढिली होते.

धानपट्टा (ता. सावली, जि. चंद्रपूर)

मोजणीदार भाऊंचा हिशेब बरोबर हाय, पण एक गोष्ट राह्यली. भिंत बांधली म्हणजे पाणी आपलं झालं असं नाई नं जी. भिंतीपासून बांधीपर्यंत (धानाच्या वाफ्यापर्यंत) जे लागते, तेच खरं मोठं काम.

गोसीचंच पाहा. पायाभरणी 22 एप्रिल 1988 ची, राजीव गांधींच्या हातची. तवा खर्च धरला होता 372 कोटी. लाभक्षेत्र अडीच लाख हेक्टर. 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घेतला. खर्च कितीक पटीनं वाढला अन् कालवे अजून पुरे व्हाचेच हायेत. उजवा मुख्य कालवा 99 किलोमीटर, तो आमच्या आसोलामेंढा तलावात पाणी आणून टाकते. कागदावर लय सोपं. खाली मुख्य कालवा झाला तं वितरिका अर्धवट, वितरिका झाली तं पाटचारी नाई, पाटचारी झाली तं शेवटच्या बांधीले उतारच भेटत नाई. डाव्या कालव्याचं अस्तर खराब निघालं, ते फोडून पुन्हा कराव लागलं. साखळीतला एक तुकडा राह्यला का मागचं सारं पाणी सांडव्यानं प्राणहितेत, तिथून गोदावरीत.

पंजाबात बी तेच. पूर्वेकडच्या तीन नद्या 1960 पासून पुऱ्या आपल्या. तरी रावीवरचं शाहपूर कंडी धरण 2024 मध्ये तयार झालं, तोवर आपल्या हक्काचं पाणी खाली जात होतं. जम्मू-काश्मीरच्या वाट्याचं म्हणून जे भेटणार ते 1150 क्युसेक. अन् सतलज-यमुना जोड कालवा? 214 किलोमीटर. हरियाणाच्या हद्दीतले 92 झाले, पंजाबच्या हद्दीतले 122 अडकले. घरातल्या दोन राज्यांचं जमत नसन तं शेजाऱ्यासमोर कोणत्या पाण्याचा धाक दाखवाचा?

पेंच_लाभधारक (ता. रामटेक)

दोघांचं म्हणणं मान्य, पण वरचा काठ अगदीच निकामी ठरवू नका. जिथे साठा बांधून झाला आहे तिथे तो बोलतो.

तुर्कस्तानचं अतातुर्क धरण: 48,700 दलघमी, बेचाळीस गोसी. युफ्रेटिसचं वर्षभराचं सगळं पाणी पोटात घालूनही जागा उरते. ते भरायला जानेवारी 1990 मध्ये नदी महिनाभर अडवली होती, खाली सीरिया आणि इराक ओरडत राहिले. त्याआधी 1987 मध्ये तुर्कस्ताननं सीरियाला सरासरी 500 घनमीटर प्रतिसेकंद सोडायचं कबूल केलं होतं, आणि त्याच सुमाराला सीरियानं कुर्दी बंडखोरांना थारा देऊ नये असाही करार करून घेतला. पाण्याच्या बदल्यात सुरक्षा. हे ज्याला जमतं त्याचाच वरचा काठ खरा.

घरचं उदाहरण हवं असेल तर पेंच नदी. छिंदवाड्यात माचागोरा (चौराई) धरण भरायला लागलं आणि खाली नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाचा येवा (वरून येणारं पाणी) घटला. त्यात 2019 ला पाऊस लांबला, तर भर जुलैत नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी. मध्य प्रदेशानं आपल्या वाट्याचंच पाणी घेतलं, वाद तो नाही. तोवर वरून जे फुकट येत होतं ते आपण कायमचं समजून त्यावर मागणी वाढवून ठेवली. देशांचंही हेच होतं.

खालचा_काठ (सिरोंचा, जि. गडचिरोली)

मास्तरांचा दुसरा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितो. खालचा देश लाचार असतोच असं नाही. कित्येकदा आधी वापर सुरू करणारा जिंकतो, मग तो कुठल्याही काठाला असो.

नाईल घ्या. इजिप्त सगळ्यात खाली. त्याच्याकडे येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग इथिओपियाच्या पठारावरून निळ्या नाईलमार्गे येतो. तरी 1959 च्या करारात इजिप्तला 55.5 बीसीएम, सुदानला 18.5 आणि इथिओपियाला शून्य. इथिओपिया त्या बैठकीलाच नव्हता. इजिप्तकडे कालवे होते, पिकं होती, सैन्य होतं, आणि पुढे 1970 मध्ये आस्वानचं मोठं धरणही पुरं झालं. ‘आमचा जुना वापर’ हेच त्याचं खरेदीखत. इथिओपियाकडे पाऊस होता, पैसा नव्हता, आणि वादातल्या नदीवर बाहेरून कर्ज मिळत नाही.

हे उलटलं ते 2011 पासून. इथिओपियानं रोखे विकून, नोकरदारांचे पगार कापून स्वतःच्या पैशानं धरण बांधलं. साठा 74 बीसीएम, वीज 5150 मेगावॉट, उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये. निळ्या नाईलचं जवळपास दीड वर्षाचं पाणी त्यात मावतं. डोंगर, पाऊस, नदी सगळं होतं तिथेच आहे. बदललं ते काँक्रीट आणि ते कोणाच्या पैशानं ओतलं हे.

आता आमच्या दारातलं. प्राणहितेत येणारं पाणी वर्धा, वैनगंगा, पैनगंगेचं, म्हणजे मुख्यतः विदर्भाचं. ते आपण पुरतं वापरलं नाही. खाली तेलंगणानं कालेश्वरम् उपसा योजना उभारून मेडीगड्ड्याच्या बंधाऱ्यातून 195 टीएमसी उचलायचं नियोजन केलं. त्यासाठी ऑगस्ट 2016 मध्ये महाराष्ट्राशी करार झाला, बंधाऱ्याची पातळी 100 मीटर ठरली. बंधाऱ्याचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं सिरोंच्यात. पाणी त्यांच्या पंपाला, फुगवटा आमच्या शेतांत. मग 21 ऑक्टोबर 2023 ला बंधाऱ्याचे खांब खचले आणि साठा सोडून द्यावा लागला. म्हणून पोरांना हेही सांगा की घाईनं बांधलेला पाया ही सुद्धा राष्ट्राच्या (आणि राज्याच्या) ताकदीतली वजाबाकी असते.

पारावरचा_मास्तर

फार उपयोगी. 1948 बद्दल कोणी लिहील का? आणि चीनचं काय? तिथे तर आपण खालच्या काठाला.

मोजणीदार

1948 थोडक्यात. फाळणीत कालवे पाकिस्तानात गेले, त्यांची मुखं माधोपूर आणि फिरोजपूरला, म्हणजे आपल्याकडे राहिली. 1 एप्रिल 1948 ला पूर्व पंजाबनं तिथून पाणी बंद केलं. 4 मेच्या दिल्ली समझोत्यानंतर ते सुरळीत करायचं ठरलं. नीट बघा, अडवली ती नदी नव्हे, कालव्याचं दार. धरण बांधायची गरजच पडली नाही. आज चिनाबवर तसं दार आपल्याकडे नाही, ते मरालाला आहे, पाकिस्तानात. म्हणून 1948 चा दाखला देऊन ‘तेव्हा जमलं तर आता का नाही’ म्हणणारे दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज करतात.

पूररेषा (भंडारा)

चीनबद्दल. यारलुंग त्सांगपोच्या मोठ्या वळणावर, मेडोगजवळ, चीननं जुलै 2025 मध्ये काम सुरू केलं. ओळीनं पाच वीजकेंद्रं, क्षमता 60,000 मेगावॉटच्या आसपास. रचना मुख्यतः बोगद्यांतून पाणी खाली पाडून वीज करण्याची आहे. पाणी टर्बाइनमधून पुढे नदीतच येतं. ब्रह्मपुत्रेचं बहुतांश पाणी अरुणाचल, आसाम, भूतानच्या पावसाचं आणि उपनद्यांचं आहे, त्यामुळे ‘कोरडी’ हा शब्द खोडा. काळजी दोन गोष्टींची: उन्हाळ्यात दिवसभरात पाणी खालीवर होणं, आणि न कळवता सोडलेला लोंढा.

इथे माहिती हीच ताकद आहे. 2002 पासून चीन पावसाळ्यात नुगेशा, यांगत्सुन आणि नुशिया या तीन केंद्रांच्या पातळ्या देत असे. 2017 ला डोकलामचा तिढा झाला, त्या वर्षी आकडे आले नाहीत. एक थेंबही न अडवता दबाव आणता येतो तो असा. ब्रह्मपुत्रेच्या आकड्यांचा समझोता 2023 मध्ये मुदत संपून तसाच पडला. सिंधू करार स्थगित केल्यावर आपणही पाकिस्तानला नेहमीची आकडेवारी देणं थांबवलं, हेही टिपणात असू द्या, नाहीतर टिपण एकांगी होईल.

भंडाऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट 2020 अखेरच्या पुरात वर शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून विसर्ग वाढला, खाली गोसीचे सगळे 33 दरवाजे उघडे, आणि मधल्या गावांना तयारीला वेळ अपुरा. दोन्ही धरणं एकाच देशात, दोन्ही खाती फोनवर. वरचं धरण किती क्युसेक सोडणार हे आदल्या रात्री कळलं तर खालचं धरण आधी थोडं रिकामं करून ठेवता येतं. पूर आल्यावर कळलं तर फक्त दरवाजे उघडता येतात.

संत्रापट्टी (ता. वरुड, जि. अमरावती)

सगळे नदीवरच बोलून राह्यले. देशाचं निम्म्याहून जास्त सिंचन जमिनीखालच्या पाण्यावर चालतं, ते कोणत्याच करारात नाही. 2023 च्या राष्ट्रीय अंदाजात वर्षाचा उपसा 241 बीसीएम. जगात सगळ्यात जास्त. गोसीत सांगायचं तर 210.

खडकाचा फरक समजून घ्या. आपल्या काळ्या बेसाल्टात पाणी देण्याची क्षमता दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक हेक्टरखाली पातळी एक मीटर उतरली तर हाती येतं 200 घनमीटर, 2 लाख लिटर. सहा बाय सहा मीटरवर संत्र्याची 277 झाडं बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला सव्वाशे लिटर धरा, रोजचे साडेचौतीस हजार लिटर झाले. आजूबाजूनं पाझर आला नाही तर सहा दिवसांत एक मीटर. वरुड-मोर्शी पट्ट्यात बोअर का खोल खोल जातात, त्याचं गणित एवढंच. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत हीच क्षमता कितीतरी जास्त, म्हणून तिथला खड्डा उशिरा दिसतो. पण तिथला उपसा पुनर्भरणाच्या दीडशे टक्क्यांच्या वर आहे, आणि सरकारी खरेदीच्या गहू-तांदळात पंजाबचा वाटा मोठा. धान्याचं कोठार आटणं ही सीमेवरच्या धरणाइतकीच संरक्षणाची बाब आहे, फक्त तिचे मथळे होत नाहीत.

सौदी अरेबिया याच वाटेनं गेला. 1980 च्या दशकात जमिनीखालचं, पुन्हा न भरणारं पाणी उपसून गहू पिकवला, इतका की निर्यात केली. 2008 मध्ये ठरवलं की पुरे, आणि 2016 पर्यंत सरकारी गहू खरेदी बंद करत आणली. त्यांच्याकडे बाहेरून गहू घ्यायला तेलाचा पैसा होता.

आपण 2024-25 मध्ये सुमारे 2 कोटी टन तांदूळ बाहेर पाठवला. किलोला अडीच हजार लिटर धरले तर 50 बीसीएम पाणी पोत्यांतून गेलं.

धानपट्टा

संत्रापट्टी दादा, त्या 50 बीसीएममधलं सारंच उपशाचं नाई हं. आमच्या झाडीपट्टीचा, छत्तीसगडचा धान बराचसा पावसाच्या पाण्यावर होते. ते पाणी धानात नाई गेलं तरी बांधीतून वाहून नाल्यालेच जाते. पंजाब-हरियाणाचा तांदूळ वेगळा काढून सांगा, नाहीतर पोरं चुकीचं शिकन.

संत्रापट्टी

बरोबर. तो फरक लिहायलाच हवा.

पेंच_लाभधारक

पाणी नसलेला देश काय करतो, तेही घाला. सिंगापूर जोहोर नदीतून दिवसाला 25 कोटी गॅलन पाणी घेतं, 1962 चा करार 2061 पर्यंत. मलेशियाच्या पुढाऱ्यांनी दराचा विषय अधूनमधून काढला की सिंगापूरचा जीव टांगणीला. म्हणून 2003 पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायला सुरुवात केली, समुद्राचं पाणी गोडं करायची केंद्रं काढली. मुदत संपेल तेव्हा हात पसरावा लागू नये म्हणून.

आपल्याकडे भांडेवाडीला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून दिवसाला 13 कोटी लिटर कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची सोय झाली. वर्षाचे 47 दलघमी, बगलिहारच्या खालीवर होणाऱ्या साठ्याच्या जवळपास दीडपट! तितकं पेंचचं गोडं पाणी वाचतं. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटून चंद्रपूरच्या वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले होते, ते आठवलं की या 47 दलघमीची किंमत कळते.

मोजणीदार

मास्तर, परीक्षेच्या दृष्टीनं एक शेवटचं. फरक्का बंधाऱ्यावरच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश गंगा करार 12 डिसेंबर 1996 चा, तीस वर्षांचा, म्हणजे डिसेंबर 2026 ला मुदत संपते. प्रश्न येण्याची शक्यता दाट. 1 जानेवारी ते 31 मे, दहा-दहा दिवसांचे टप्पे. 70,000 क्युसेकपर्यंत निम्मं निम्मं. 70 ते 75 हजारांत बांगलादेशला 35,000, उरलेलं भारताला. 75 हजारांच्या वर भारताला 40,000, उरलेलं बांगलादेशला. शिवाय 11 मार्च ते 10 मे या टंचाईच्या काळात एक टप्पा बांगलादेशला 35,000 ची हमी, पुढचा भारताला, असं आलटून पालटून. 50,000 च्या खाली गेलं तर दोन्ही सरकारांनी लगेच बसायचं.

पोरांना फळ्यावर सोडवायला द्या: फरक्क्याला 68,000, 72,000 आणि 80,000 क्युसेक आलं, हमीचा टप्पा नाही, तर वाटणी काय? उत्तरं: 68,000 ला 34-34 हजार; 72,000 ला बांगलादेश 35, भारत 37 हजार; 80,000 ला दोघांना 40-40 हजार. मग हे द्या: 11 ते 20 मार्च, हमी बांगलादेशची, आलं 60,000. निम्मं निम्मं लिहिणारी पोरं इथे फसतात. बांगलादेशला 35,000 आणि आपल्याला 25,000.